ब्लॉकला पाजलेलं पाणी

हिमानी : नख घाला. घाला म्हणतेय ना मी, मिस्त्री! जातंय की नाही आत?

कडूबा : जातंय, म्याडम. नख कशात बी जातंय.

हिमानी : आणि ही दुसरी? खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलीय ती? आणि ही तिसरी, मधोमध, उभी? दहा दिवसांची भिंत आहे ही. दहा दिवसांच्या भिंतीला तीन भेगा!

(बीड बायपासच्या पलीकडे, नानासाहेबांच्या नव्या प्लॉटिंगमधला पहिला अर्धवट बंगला. दुष्काळाच्या सालातला मे महिना, सकाळचे साडेदहा, आणि ऊन आताच टाळूत शिरू लागलंय. भिंतीसमोर तिघं उभी आहेत : आर्किटेक्ट हिमानी, कडूबा मिस्त्री, आणि रिकामी घागर कमरेवर घेतलेली मनकर्णाबाई.)

कडूबा : मला काय इचारता? म्या पहिल्या दिवशीच बोललो व्हतो. हे ब्लॉक ना दगड, ना वीट. हातात घेतला तर पावासारखा लागतो. पाव कुनी भिंतीत घालतं का?

हिमानी : ब्लॉकला दोष देऊ नका! ह्याच ब्लॉकच्या वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत पुण्यात. एकीलाही असं झालेलं नाही.

कडूबा : मंग पुन्याचा मिस्त्री आना.

हिमानी : आणावाच लागेल आता! बारा वाजता नानासाहेब येतायत, कळतंय का तुम्हाला? हा एक बंगला बघून बाकीच्या दहांचं ठरवणार आहेत ते. आठ महिने मी त्या माणसाशी डोकेफोड केलीय. नानासाहेब, लाल वीट नको. लाल विटेला कुणाच्या तरी शेताची माती लागते, भट्टीला कोळसा लागतो, आणि बांधताना ती पाणी पिते ते वेगळंच. उस्मानपुऱ्यात माझ्या घरी चार दिवसांनी नळ येतो, इथे तर नळच नाही, सगळं टँकरवर. हे ब्लॉक राखेचे आहेत, हलके आहेत, ह्यांना पाणी लागत नाही. असं घोकून घोकून आठ महिन्यांनी ते हो म्हणाले. आणि आज येऊन काय बघणार? तुमची ही करामत!

कडूबा : करामत म्हनू नका. तीस सालं झाली थापी धरून. क्रांती चौकापासून तुमच्या उस्मानपुऱ्यापातूर फिरा, आन् माझ्या हातची एक भिंत दाखवा भेगाळलेली. ह्याच नानासाहेबांच्या वडलांचा गोठा बांधला म्या. गुरं गेली, गोठा हाय.

हिमानी : मग ही का भेगाळली? ब्लॉक जोडायचं केमिकल पातळ केलंत?

कडूबा : तुमच्या मगानं मोजून केलं.

हिमानी : सिमेंट घातलंत त्यात?

कडूबा : नाय.

हिमानी : ओळंबा?

कडूबा : लावा की! सूत बी लावा. केसाचा फरक निघाला तर ही थापी इथंच टाकून जातो.

हिमानी : म्हणजे माल चांगला, माप बरोबर, मिस्त्री एक नंबर, आणि भिंत आपोआप फाटली! मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माऊलीनं सांगितलंय मला सगळं.

कडूबा : माऊलीनं? त्या सुपरवायझरनं काय सांगितलं?

हिमानी : की अजिंठ्याकडे तुमच्या भावाची वीटभट्टी आहे. हे ब्लॉक फेल गेले की दहा बंगल्यांना लाल वीट लागणार, आणि ती कुणाकडून येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कडूबा : म्याडम, तोंड सांभाळा.

हिमानी : का? झोंबलं?

कडूबा : व्हय, झोंबलं! हरामखोरी केली असती तर नसतं झोंबलं!

मनकर्णाबाई : भावजी, तुमी थांबा जरा. ताई, त्यो भाऊ म्हंजी कचरू. माझा मालक. आता मला सांगा, माझ्या नवऱ्याची भट्टी असती, तर म्या तुमच्या हितं डोक्यावर घागरी वाह्यल्या असत्या व्हय?

हिमानी : मला... तुम्ही ह्यांच्या वहिनी आहात हे माहीत नव्हतं.

मनकर्णाबाई : कुनी इचारलंच नाय. भट्टी दुसऱ्याची व्हती. आमची नुसती माती.

कडूबा : सांगू नका वहिनी त्यांना. त्यांना काय करायचं आपल्या मातीचं?

मनकर्णाबाई : सांगते की. आपल्यावर आळ घेत्यात त्या. ताई, वाघूरच्या काठाला आमचं रान. पाऊस नाय पडला, पेरलेलं वर आलं नाय, तवा भट्टीवाला आला. म्हनला, रान पडीकच हाय, वरची हातभर माती देता का? ह्यांनी भावाला इचारलं नाय, मला इचारलं नाय, देऊन टाकली. हातभर म्हनता म्हनता मशीन पुरुषभर खाली गेली. खाली निस्ता मुरूम. आता पाऊस पडला तरी तिथं काय पेरावं? बाभळ बी उगवंना.

कडूबा : माझं बी निम्मं रान व्हतं त्यात. तवापासून म्या भावाच्या दारात गेलो नाय. लाल वीट हातात घेतली की मला वाटतं, ही आपल्याच बांधावरची असंल. तरी तीच लावत आलो, पोट हाय म्हनून. आन् तुमी मला म्हन्ता, म्या तिच्यापायी भिंत फोडली?

हिमानी : ठीक आहे. ते मी बोलायला नको होतं. पण भेगा आहेत ना? त्या तर खोट्या नाहीत! मला कारण पाहिजे, मिस्त्री. नानासाहेबांसमोर मी काय तोंड... थांबा. हे काय? इकडे हात लावा बरं.

कडूबा : काय झालं?

हिमानी : गार लागतेय. बाहेर त्रेचाळीस आहे, आणि ही भिंत माठासारखी गार लागतेय. मिस्त्री, ह्या भिंतीवर पाणी मारताय का तुम्ही?

कडूबा : वरून नाय मारत. माऊली म्हनला, वरून मारायचं नाय. नाय मारलं.

हिमानी : मग आत पाणी आलं कुठून? बांधायच्या आधी... ब्लॉक भिजवले होते का तुम्ही?

कडूबा : मंग? न भिजवता घालीन का? मिस्त्री हाय का कोन हाय मी?

हिमानी : किती भिजवले? वरून शिंपडलं असेल.

कडूबा : शिंपडून काय व्हतं? चांगले टाक्यात बुडवले. आन् लई बदमाश माल हाय तुमचा. टाकला तर तरंगायला लागला! जन्मात तरंगनारी वीट पाह्यली नव्हती. बाया हसायला लागल्या. मंग येकेकावर दोन-दोन दगड ठेवले, तवा कुठं बुडाला. दोन तास बुडबुडे येत व्हते. वहिनी म्हनल्या, किती जन्माचं तहानलेलं हाय लेकरू.

हिमानी : दगड ठेवून... तुम्ही दगड ठेवून बुडवले? सगळे?

कडूबा : समदे. ह्या भिंतीतला येक बी कोरडा नाय. आपलं काम चोख असतं.

हिमानी : अहो काय केलंत हे! अक्कल कुठे गहाण ठेवली होती? ज्याला पाणी लागत नाही म्हणून मी तो आणला, त्यालाच तुम्ही दगड ठेवून पाणी पाजलंत? तो तरंगत होता तेव्हा तरी कळायला नको? तो सांगत होता तुम्हाला, मला नको म्हणून!

कडूबा : ब्लॉक सांगत व्हता. तुमी का नाय सांगितलं?

हिमानी : मी?

कडूबा : तुमीच! तहानलेली वीट भिंतीत घातली की सिमेंटच्या मालातलं पानी पिऊन घेती. माल भुरभुरा व्हतो, भिंत पोकळ व्हती. हे मला वस्तादानं शिकवलं, मार देऊन शिकवलं. आधी विटेला पाज, मंग तू पी, असं म्हनायचा त्यो. तीस सालं तसंच केलं. आता ह्या वीटंला नाय पाजायचं, हे मला कोन सांगनार? माझा वस्ताद वरून येऊन?

हिमानी : लाल विटेचं बरोबर आहे ते. हे वेगळं आहे. हा ब्लॉक पाणी प्यायला की फुगतो, मग भिंतीत हळूहळू वाळतो, वाळताना आकसतो, आणि आकसला की असा फाटतो. म्हणून तर ते खास केमिकल. त्यातलं पाणी त्यातच राहतं, ब्लॉक कोरडा असला तरी चालतो. कोरडाच पाहिजे! हे सगळं ब्लॉकच्या गठ्ठ्यावरच्या कागदावर लिहिलेलं होतं.

कडूबा : त्यो इंग्रजी कागद? त्याच्यावर आमच्या बायांनी भाकरी ठेवून खाल्ल्या.

हिमानी : मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

कडूबा : कोन्त्या मिटिंगीत? मला बोलावलं व्हतं?

हिमानी : माऊलीला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

कडूबा : माऊली मला म्हनला, पानी कमी वापरा. म्या कमीच वापरलं. लाल विटेला दोनदा भिजवतो, ह्याला येकदा भिजवलं. येकाच टाक्यात, तेच पानी, गढूळ व्हईपातूर. आनखी किती कमी वापरू? सांगा ना! भिंत बांधतो मी, आन् सांगनं माऊलीला? त्यो कधी थापी धरतो? दहा दिवस तुमी रोज आलात. गाडीतून उतरलात, खालून फोटो काढला, गेलात. येक दिवस, येक दिवस तरी वर चढून भिंतीला हात लावला असता, तर ह्या टाक्यात दगड दिसले असते तुमाला.

हिमानी : माझ्याकडे एकच साइट नाही, मिस्त्री.

कडूबा : माझ्याकडं येकच इज्जत हाय.

हिमानी : थांबा... एक मिनिट. दहा-बारा दिवसांपूर्वी तर टँकर आलेच नव्हते. तीन दिवस. मी स्वतः फोन करत होते त्यांना. मग हे टाकं भरलं कशानं?

कडूबा : भरलं कशानं तरी. जाऊ द्या.

हिमानी : जाऊ द्या कसं? पाणी आलं कुठून?

कडूबा : म्हन्लं ना, जाऊ द्या. भिंतीचं बोला.

मनकर्णाबाई : जाऊ द्या कामून? आमच्या प्यायच्या ड्रममधून आलं, ताई.

हिमानी : प्यायच्या?

मनकर्णाबाई : निळे दोन ड्रम हायेत ना तिकडं, पत्र्याच्या खोल्यांपाशी. भावजी म्हनले, काम अडलंय, तहानलेली भिंत बांधायची नाय, तर आपन तीन दिस जरा जपून पिऊ. मानशी सकाळी येक तांब्या, दुपारी येक तांब्या. भांडी राखेनं घासली. आंघोळ नाय कुनाला. समदं त्या टाक्यात नेऊन वतलं. म्याच वतलं, ह्याच घागरीनं.

हिमानी : ह्या उन्हात? दोन तांब्यांवर?

मनकर्णाबाई : दुसऱ्या दिवशी माझी सून पडली. मोनिका. वरच्या परांचीवरून नाय, खालीच, वाळूत.

हिमानी : मोनिका... हो, मला फोन आला होता. ऊन लागलं म्हणाले होते. मी आले होते तेव्हा. ओआरएसची पाकिटं आणून दिली होती मी तिला. पाच-सहा.

मनकर्णाबाई : दिली की. चांगली व्हती. खोलीत हायेत अजून.

हिमानी : अजून? घेतली नाहीत तिनं?

मनकर्णाबाई : कशात घोळायची, ताई?

कडूबा : म्हनून म्हन्लं व्हतं, जाऊ द्या.

हिमानी : कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला! मला फोन करायचा! काम बंद ठेवायचं! माणसं मरतील असं काम करा, असं म्हटलं होतं का मी?

कडूबा : आवाज खाली घ्या. काम बंद ठिवलं की कोन वरडतं फोनवर? 'पंधरा तारखेला खिडकीच्या वर गेली पाह्यजे भिंत.' कोन म्हनलं हे? माऊली? का तुमी?

हिमानी : मी.

कडूबा : मंग. गेली खिडकीच्या वर. बघा, गेलीय ना?

हिमानी : फोन... नानासाहेबांचा आहे. बोलू नका कुणी. हॅलो. हो, नानासाहेब, नमस्कार. हो, साइटवरच आहे... कुणी पाठवले फोटो? माऊलीनं? हो. हो, पडल्यात. तीन. तुम्ही यायच्या आधी मी सांगणारच होते... नाही, मालाचा दोष नाही, ब्लॉक चांगले आहेत. मिस्त्रीनं ते पाण्यात... म्हणजे बांधायच्या आधी मिस्त्रीनं...

कडूबा : बोला की. खोटं कुठं हाय?

हिमानी : नाही, नानासाहेब, ऐका. ब्लॉक भिजवले गेले. भिजवायचे नसतात. मिस्त्रीला ते माहीत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलं नाही. कंपनीचा कागद इंग्रजीत आला आणि इंग्रजीतच राहिला. मी माऊलीला सांगून मोकळी झाले, आणि दहा दिवस भिंतीला हात न लावता फोटो काढून गेले. चूक माझी आहे. हो, माझी. मिस्त्रीला काढायचं नाही... लाल वीट? नाही, नानासाहेब, एका भिंतीवरून असं नका... अहो पण... हो, इथेच आहेत. देते. मिस्त्री, तुमच्याशी बोलायचंय म्हणतात.

कडूबा : काय म्हन्त्यात?

हिमानी : उद्यापासून लाल वीट. सगळ्या बंगल्यांना.

कडूबा : आना इकडं. राम राम, नानासाहेब. व्हय, पाडावी लागती. म्याच पाडतो, दुसऱ्याचा हात लागू देनार नाय... लाल वीट लावायला काय, हात बसलेला हाय. पर तिला पानी कुठून पाजू? तिला तर खरंच लागतं... टँकर वाढवता? कुठून वाढवता? आलेला टँकर मानसाला पुरंना. हितं तीन दिस... जाऊ द्या, ते समोर बोलीन. दुसरं सांगतो. तुमच्या रानाचे प्लॉट झाले, ते तुमच्या राजीखुशीनं झाले. पर दहा बंगल्याच्या विटेला कुनाचं तरी रान पुरुषभर खनावं लागंल. म्या नाय लावनार ती वीट... व्हय, रागानं बोलतोय. रागच आलाय. ह्या ब्लॉकचा बी आलाय, तुमच्या म्याडमचा बी आलाय, लई आलाय! पर येकदा मला हीच भिंत कोरड्या हातानं बांधू द्या. शिकवलं नाय त्याचं काम चुकलं, शिकवल्यावर चुकलं तर म्या सोताहून थापी ठिवतो... बरं. बरं. राम राम.

हिमानी : काय म्हणाले?

कडूबा : म्हनले, तू लई उद्धट झालास कडूबा.

हिमानी : आणि?

कडूबा : आन् येक भिंत. भेग दिसली की लाल वीट, नवा मिस्त्री, नवी म्याडम. आज येत नायत. भिंत झाल्यावर येतो म्हनले.

हिमानी : मिस्त्री, मला माफ करा. मगाशी भावावरून बोलले ते, आणि...

कडूबा : माफी घेऊन कुठं ठिवू? त्यो कागद आना. आनखी येक हाय बघा, त्या फोडायच्या ऱ्हायलेल्या गठ्ठ्यावर. फाडून आना आन् वाचा. मोठ्यानं. मराठीत. वहिनी, समद्या बायांना हाक मारा. मोनिकाला बी म्हनावं, उठून ये.

हिमानी : आणला. हं... 'ब्लॉक कोरड्या जागी, फळीवर रचून ठेवावेत. पावसात ताडपत्री घालावी.'

कडूबा : पाऊस पडला तर घालू. फुडं.

हिमानी : 'जोडण्याआधी ब्लॉकवरची धूळ ब्रशने झाडावी. ऊन फार असेल तर ब्लॉक ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.'

कडूबा : फडक्यानं. ऐकलं का गं? फडक्यानं. फुडं.

हिमानी : 'ब्लॉक पाण्यात बुडवू नये.'

कडूबा : परत वाचा.

हिमानी : 'ब्लॉक पाण्यात बुडवू नये.'

कडूबा : येवढंच व्हतं व्हय लिहिलेलं?

हिमानी : एवढंच होतं.

कडूबा : चार शब्दासाठी... असू द्या. पहार आना कुनीतरी. वरून उतरवत येऊ. सावकाश काढा, जितके निघत्याल तितके सगळे काढा. म्याडम, वाळल्यावर परत लावता येत्याल का हे?

हिमानी : जे फुटले नाहीत ते येतील. सावलीत उभे करून, मध्ये फट ठेवून पूर्ण वाळू द्यायचे. आत खूप ओल आहे, वेळ लागेल. तोवर नव्या गठ्ठ्यातले वापरू. मी थांबते इथे. पहिला थर होईपर्यंत कुठे जात नाही.

कडूबा : थांबा. पर सावलीत थांबा, आन् तुमच्या गाडीतल्या बाटल्या असत्याल तर त्या तेवढ्या मोनिकाला द्या.

मनकर्णाबाई : ताई, येक इचारू?

हिमानी : विचारा ना.

मनकर्णाबाई : हे ब्लॉक वाळत्याल म्हन्ता. मंग त्यातलं पानी कुठं जाईल?

हिमानी : हवेत जाईल, बाई. उडून जाईल.

मनकर्णाबाई : समदं?

हिमानी : हो. सगळं.

मनकर्णाबाई : मोनिकाच्या वाट्याचं बी?